खिडकीमागून: घोडा सुटलाच नाही, तर पैसे कुणाचे?

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मी मूळचा पुण्याचा, घोरपडीचा. लहानपणी रेसकोर्सच्या कुंपणाला नाक लावून घोडे बघितले. पुढे अमेरिकेत आलो आणि योगायोगाने एका हार्नेस ट्रॅकवर (इथे घोड्यामागे हलकी गाडी जोडून शर्यत होते) बेटिंगच्या खिडकीमागे नोकरीला लागलो. सोळा वर्षं खिडकी, दहा वर्षं वरच्या मजल्यावरची हिशेबाची खोली. आता निवृत्त आहे. संपादकांनी हे सदर ‘पैशांचे प्रश्न’ म्हणून दिलं होतं. गेल्या अंकात मी हार्नेस रेसिंगचा सहज उल्लेख केला आणि या वेळी थैलीत घोडेच घोडे आले. त्यातली पाच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न: ऑफिसच्या मित्रांबरोबर पहिल्यांदाच हार्नेस रेस बघायला गेलो होतो. पाचव्या रेसला ३ नंबरच्या घोड्यावर, म्हणजे सगळ्यात जास्त पैसे लागलेल्या फेवरिटवर, तो पहिला येईल म्हणून ४० डॉलर ‘विन’ लावले. घोड्यांना एका ओळीत सुरुवातीच्या रेषेकडे आणणारी ती पंखांची मोटार त्यांना मागे घेऊन निघाली आणि आमचा घोडा उड्याच मारायला लागला. मोटारीने पंख मिटले तेव्हा तो इतका मागे होता की टीव्हीच्या चौकटीतही नव्हता. खिडकीवर गेलो तर बाई म्हणाल्या, “सर, घोडा पळाला आहे, पैसे परत नाहीत.” माझं म्हणणं, तो पळालाच नाही! हा नियम न्याय्य आहे का? आणि बदलायचा तर सांगायचं कुणाला?
(नाव, गाव आणि ट्रॅक वाचकाच्या विनंतीवरून गाळले आहेत.)

उत्तर: तुमच्या ४० डॉलरांबद्दल वाईट वाटलं, पण खरं सांगू, त्या बाईंबद्दल जास्त वाटलं. तिच्या मशीनला परताव्याचं बटण जज लोकांनी हुकूम दिल्याशिवाय चालतच नाही. आणि संध्याकाळी गल्ल्यात पाच डॉलर कमी भरले तर ते तिच्या पगारातून जातात. मी एकदा विसाच्या जागी पन्नासाची नोट सोडली होती. ते तीस डॉलर माझेच गेले. तेव्हा खिडकीवर भांडू नका. तुमचं भांडण वरच्यांशी आहे आणि ते करण्यासारखं आहे.

आधी घोडा उड्या का मारतो ते बघू. हार्नेसमध्ये घोड्यावर कुणी बसत नाही. मागे दोन चाकांची हलकी सल्की जोडलेली असते, आपल्या छकड्याची सडपातळ बहीण म्हणा, आणि तिच्यात ड्रायव्हर. घोड्याने चौखूर उधळायचं नाही, ही शर्यतीची पहिली अट. ट्रॉटरने दुडकी धरायची, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय बरोबर. पेसरने एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकायचे. या चालीला आपल्याकडे ‘रहवाल’ असा सुरेख शब्द होता. भीमथडीच्या तट्टांबद्दल बोलणाऱ्या जुन्या लोकांच्या तोंडी तो ऐकला आहे, हल्ली नाही. चाल मोडून घोडा चौखूर झाला की त्याला ‘ब्रेक’ म्हणतात. ड्रायव्हरने त्याला ताबडतोब आवरून चालीवर आणायचं, आणि त्या भानगडीत इंचभरही फायदा मिळवायचा नाही. शेवटच्या रेषेवर तो चौखूर असेल आणि मागच्या घोड्याचं नाक त्याच्या पुठ्ठ्याला भिडलेलं असेल, तर त्याला मागे टाकतात. पेसरच्या पायांत हॉबल्सचे पट्टे असतात, त्यामुळे तो सहसा मोडत नाही. सगळ्या ट्रॉटरांना तो आधार नसतो. तुमचा घोडा ट्रॉटर होता हे पत्रात नाही, पण मी पैज लावायला तयार आहे.

म्हणजे चाल मोडणं हा खेळाचाच भाग झाला. अर्ध्या मैलावर घोडा मोडला आणि पैसे गेले, तर त्यात अन्याय नाही. घोडा मोडेल की नाही याचा अंदाज बांधणं हेच तर तुमचं काम. पण तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमचा घोडा शर्यतीत मोडला नाही, तो शर्यतीपर्यंत पोचलाच नाही.

त्या मोटारीचीही एक गोष्ट आहे. १९४६ पर्यंत हार्नेसचे घोडे नुसते रांगेने दौडत रेषेकडे यायचे. कुणी पुढे, कुणी मागे. स्टार्टर परत बोलवायचा, पुन्हा सगळे फिरून यायचे. एकेका रेसला असे कितीतरी फेरे होत आणि लोक कंटाळून घरी जात. मग लाँग आयलंडच्या रूझवेल्ट रेसवेवर मोटारीला दोन्ही बाजूंनी दुमडणारे पंख लावून घोडे तिच्या मागे आणायला सुरुवात झाली. या एका मोटारीने धंदा उभा केला. रूझवेल्ट १९८८ मध्ये बंद पडलं, मोटार मात्र जगभर फिरते आहे. तिने एक प्रश्न मागे ठेवला: जो घोडा मोटारीच्या मागे पोचलाच नाही, त्याचं काय?

परत बोलावण्याचे नियम आहेत. घोडा मोटारीच्या पुढे गेला, सरंजाम तुटला, कुणी आडवं आलं, घोडा पडला, तर स्टार्टर सगळ्यांना मागे बोलावू शकतो. नुसती चाल मोडली तर मात्र बोलवायचं नाही, नाहीतर आपण पुन्हा १९४६ च्या आधी जाऊ. हेही मला पटतं. पण रेस परत न बोलावता पैसे तर परत देता येतात?

कॅनडात ऑन्टॅरिओने नेमकं हेच केलं. सुरुवातीच्या रेषेच्या साधारण २०० फूट अलीकडे, म्हणजे साठएक मीटरवर, एक खांब रोवला. नाव ‘फेअर स्टार्ट पोल’. मोटारीने घोडे सोडले त्या क्षणी तुमचा घोडा त्या खांबापर्यंतही आलेला नसेल, तर जज लगेच चौकशीचा दिवा लावतात आणि त्याच्यावरचे पैसे परत. वादच नाही. खांब आहे, कॅमेरा आहे, घोडा अलीकडे की पलीकडे एवढंच बघायचं. अमेरिकेतल्या काही राज्यांनीही पुढे हा खांब उचलला. तुम्ही गेला होता त्या राज्याने उचललेला नाही.

आता यातली मेख सांगतो, कारण तुम्ही भांडायला जाल तेव्हा समोरचा हीच काढणार आहे. परतावा ट्रॅकच्या तिजोरीतून जात नाही, पूलमधून, म्हणजे सगळ्यांनी लावलेल्या पैशांच्या एकत्र साठ्यातून, जातो. समजा विनच्या पूलमध्ये १०,००० डॉलर आहेत. त्यातले ४,००० तुमच्या फेवरिटवर आणि ६०० सात नंबरवर. ट्रॅक आणि सरकार मिळून १७ टक्के कापणार. परतावा नाही आणि सात नंबर जिंकला, तर ८,३०० डॉलर ६०० वर वाटायचे. २ डॉलरच्या तिकिटाला २७ डॉलर ६० सेंट. परतावा दिला तर पूल उरला ६,०००, कापून ४,९८०, आणि त्याच तिकिटाला १६ डॉलर ६० सेंट. अकरा डॉलर गेले! सात नंबरवाला ओरडणार की याचा घोडा मोडला त्याची शिक्षा मला का?

मी हिशेबाच्या खोलीत बसून हे आकडे ढासळताना बघितले आहेत. चौकशीचा दिवा लागला की खाली गर्दीत एक गट टाळ्या वाजवायचा आणि दुसरा गट तिकिटं घट्ट धरून उभा राहायचा. माझं मत विचाराल तर सात नंबरवाल्याचं काही गेलेलं नाही. फेवरिट दुपारी तबेल्यातच लंगडला असता आणि स्क्रॅच झाला, म्हणजे रेसमधून काढला गेला असता, तर याला १६.६० च मिळाले असते. फेवरिटशिवायच्या रेसचा भाव तोच. २७.६० हा भाव फेवरिटला हरवण्याचा होता, आणि त्याला कुणी हरवलं नाही, तो आलाच नव्हता.

ट्रॅकला हे का नको असतं ते मात्र उघड बोललं जात नाही. परत गेलेल्या ४,००० वरचे १७ टक्के, म्हणजे ६८० डॉलर, एका रेसचे. ‘खेळाची परंपरा’, ‘जजांचा विवेक’ असलं काही ऐकू आलं की हा आकडा आठवा.

आता कुणाला सांगायचं. वॉशिंग्टनला लिहून उपयोग नाही. २०२० मध्ये घोड्यांच्या शर्यतींवर केंद्राचा जो कायदा झाला तो औषधं आणि सुरक्षिततेबद्दलचा आहे, त्याला बेटिंगच्या नियमांशी देणंघेणं नाही. शिवाय तो थरोब्रेडसाठी, म्हणजे पाठीवर जॉकी घेऊन दौडणाऱ्या घोड्यांसाठी, आहे, हार्नेसचे स्टँडर्डब्रेड घोडे त्यात आपोआप येत नाहीत. आपले नियम राज्याचं रेसिंग कमिशन करतं. आणि कमिशन सरकारी असल्यामुळे त्याला एक खुंटी आहे, ती फारशी कुणी वापरत नाही. माझ्या न्यू जर्सीत कायदा असा की कुणीही संबंधित माणूस नियम करा, बदला किंवा रद्द करा असा लेखी अर्ज सरकारी खात्याला देऊ शकतो. वकील लागत नाही, घोडा लागत नाही. साठ दिवसांत खात्याला तीनपैकी एक करावंच लागतं: कारणं देऊन नाकारा, मान्य करून काम सुरू करा, किंवा अधिक विचाराला घ्या. अधिक विचारालाही नव्वद दिवसांची मुदत आहे. तुमच्या राज्यात दिवस वेगळे असतील, पण बहुतेक ठिकाणी अशी वाट असते. राज्याच्या प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्यात शोधा.

अर्ज कसा लिहावा हे मी आपटून शिकलो. निवृत्त झाल्यावर मी स्वतः एका राज्याच्या कमिशनला याच विषयावर लिहिलं. पहिला अर्ज सहा पानी होता. त्यात खांब होता, सेंटांची कापाकापी होती, पार्किंगचे दर होते, आणि शेवटी तर कँटीनच्या कॉफीबद्दलही एक वाक्य होतं. साठाव्या दिवशी उत्तर आलं: सध्याचे नियम पुरेसे आहेत. चूक माझी होती. एवढं सगळं दिलं की त्यांना नाकारायला सोपं जातं.

दुसऱ्या वेळी दीड पान. एकच नियम, त्याचा क्रमांक, त्याची आत्ताची भाषा, खाली मला हवी असलेली भाषा. ऑन्टॅरिओचा मजकूर जोडला. सहा रेसच्या तारखा, रेसचे क्रमांक आणि घोडे सुटतानाच्या क्षणाची थांबवलेली चित्रं. रागाचा एकही शब्द नाही. या वेळी बैठकीला बोलावलं, तीन मिनिटं दिली. टेबलाच्या एका बाजूला मालक-ब्रीडर संघटनांचे दोन वकील, एका बाजूला ट्रॅकचे तिघे. पैसे लावणाऱ्यांच्या बाजूने मी एकटा, स्वेटर घालून. बैठकीत एकाने मला प्रामाणिक कुतूहलाने विचारलं, “तुमचा घोडा कुठला?” घोडा नसलेला माणूस नियमाबद्दल बोलायला येतो हे त्याला नवीनच होतं.

खांब मिळाला नाही. पण ज्या रेसमध्ये असा घोडा मागे राहिला तिथे परतावा का दिला नाही याची दोन ओळींची नोंद जज आता जाहीर करतात. ही छोटी गोष्ट वाटेल. माझ्यानंतर अर्ज करणाऱ्याला तारखा गोळा करायला वर्ष घालवावं लागणार नाही.

तुमच्या रेसची तारीख आणि चित्रफीत जपून ठेवा.

प्रश्न: मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. मुलाने हार्नेस रेसचं २ डॉलरचं तिकीट जिंकलं. पाटीवरच्या पूलवरून मी हिशेब केला तर ३ डॉलर ९५ सेंट यायला हवेत. मिळाले ३.८०. पंधरा सेंट कुठे गेले? मला पैशांचं नाही, हिशेबाचं पडलं आहे.

उत्तर: बाई, तुम्ही माझ्या खोलीत असायला हव्या होत्या! तुमचा हिशेब बरोबर आहे. त्या पंधरा सेंटांना ‘ब्रेकेज’ म्हणतात. भाव दर डॉलरमागे काढतात आणि दहा सेंटांच्या खालचं सगळं छाटून टाकतात, नेहमी खालीच, वर कधीच नाही. १.९७६ आला तर १.९० धरायचा. पुन्हा तोच १०,००० चा पूल घ्या, कापून ८,३००, आणि जिंकणाऱ्या घोड्यावर ४,२०० लागलेले. भाव १.९७६. वाटले १.९० ने, म्हणजे ७,९८०. उरले ३२० डॉलर. म्हणजे जाहीर कपात १७ टक्के आणि खरी २०.२. एका सेंटापर्यंत छाटलं असतं, तर उरले असते फक्त २६ डॉलर.

हे ३२० कुणाचे? राज्याराज्यांत उत्तर वेगळं: कुठे ट्रॅक, कुठे सरकार, कुठे बक्षिसांचा निधी. जिंकणाऱ्याचे मात्र कुठेच नाहीत. पूर्वी याला कारण होतं. रोखीची खिडकी, मागे रांग, पुढच्या रेसला चार मिनिटं, आणि आम्ही सेंट मोजत बसायचं? माझ्या ड्रॉवरमध्ये एक सेंटाची नाणी ठेवायला खाच सुद्धा नव्हती. पण आज बहुतेक पैसा फोनवरच्या खात्यातून येतो आणि खात्यात जातो. खात्याला सुट्ट्यांची अडचण ती कसली? हार्नेसला हे जास्त लागतं, कारण मैदानात आठ-दहा घोडे, फेवरिट वारंवार येतो, आणि भाव जितका कमी तितका छाटलेला तुकडा मोठा. ४० डॉलरच्या भावात पंधरा सेंट दिसतही नाहीत.

बदलतं का? बदललं आहे. केंटकीने २०२२ मध्ये कायदा करून आपल्या शर्यतींवर एका सेंटापर्यंत भाव द्यायला सुरुवात केली. तसं करणारं ते पहिलं राज्य. त्यामागे थरोब्रेडवाल्यांच्या एका अभ्यासगटाने वर्षानुवर्षं असेच तक्ते मांडून लोकप्रतिनिधींच्या मागे लावलेली भुणभुण होती. मोर्चा नाही, घोषणा नाहीत, नुसते तक्ते. तुमच्यासारख्या बाईंनी मनावर घेतलं तर आमच्याकडेही होईल. हे मी गंमतीने म्हणत नाही.

प्रश्न: पुण्याहून लिहितो. तुम्ही तिकडच्या १७ टक्क्यांबद्दल रडता, इथे काय चाललंय माहीत आहे का?

उत्तर: माहीत आहे हो. १ ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण दर्शनी रकमेवर २८ टक्के जीएसटी, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ ठरवला होता. चाळीस टक्के भरून कौशल्य दाखवायला कुणाची छाती आहे बघायचं. यापुढे मी सतरावर रडणार नाही. हार्नेस आपल्याकडे नाही म्हणून हा विषय इथेच सोडतो.

प्रश्न: घोडे सुटल्यानंतर पाटीवरचा भाव ५ चा २ कसा होतो? कुणीतरी रेस बघत बघत पैसे लावतंय असा माझा ठाम संशय आहे. मित्र मला वेड्यात काढतात.

उत्तर: वेड्यात काढणाऱ्यांना एक गोष्ट सांगा. २६ ऑक्टोबर २००२, शिकागोजवळ आर्लिंग्टन पार्कवर ब्रीडर्स कप, थरोब्रेडच्या मोठ्या शर्यतींचा दिवस. लागोपाठ सहा रेसचे विजेते ओळखायचा पिक सिक्स. शेवटच्या रेसमध्ये ४३ ला १ चा व्होल्पोनी आला आणि सगळ्यांची तिकिटं फाटली. जिंकलेली सहा तिकिटं सापडली, सहाही एकाच माणसाची, मिळून पंचवीस लाख डॉलरांवर. पहिल्या चार रेसना त्याने प्रत्येकी एकच घोडा धरला होता आणि शेवटच्या दोन रेसना सगळेच्या सगळे. असं कोण खेळतं? ज्याला पहिल्या चारांचा निकाल माहीत आहे तोच. टोट कंपनीचाच, म्हणजे पैजांचा हिशेब संगणकावर ठेवणाऱ्या कंपनीचाच, एक प्रोग्रामर त्याचा कॉलेजातला दोस्त निघाला. बाहेरगावच्या पैजांचा तपशील चौथ्या रेसनंतरच मुख्य संगणकाकडे जातो, हे त्याला ठाऊक होतं. त्या फटीत हात घालून त्याने तिकीट बदललं. आणि रंगीत तालीम कुठे झाली होती? ३ ऑक्टोबरला, बाल्मोरल पार्कवर. शिकागोजवळचा आमच्यासारखाच साधा हार्नेस ट्रॅक, पिक फोर. लहान पूल, कुणाचं लक्ष नाही.

त्या आठवड्यात आमच्या खोलीत कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं. प्रत्येकाला वाटे, बाहेरच्यांना आता आपण सगळे चोर दिसतो. पुढे सगळीकडची यंत्रणा तपासली गेली, तपशील लगेच पाठवायचा असं ठरलं. तेव्हा संशय घेणं हा वेडेपणा नाही.

तरीही तुम्ही बघितलेलं बहुधा ते नाही. पैसा आता ट्रॅकवर लागत नाही, दहा राज्यांतून येतो. जजाने बेटिंग बंद केल्यावरही शेवटच्या फेरीतले आकडे गोळा होऊन पाटीवर चढायला काही सेकंद जातात, आणि तेवढ्यात घोडे पहिल्या वळणावर असतात. त्या शेवटच्या फेरीत संगणकावर खेळणाऱ्या मोठ्या मंडळींचा पैसा असतो. ते मुद्दाम शेवटच्या क्षणी लावतात, कारण तेव्हा सगळ्यांचे भाव त्यांना दिसतात आणि त्यांचा भाव तुम्हाला दिसत नाही. आठ-दहा घोड्यांच्या छोट्या हार्नेस पूलमध्ये असा एक माणूस पुरतो. चोरी नाही, पण न्यायही नाही. दौडत्या घोड्यांच्या बाजूला न्यू यॉर्क रेसिंग असोसिएशनने २०२१ मध्ये अशा खेळाडूंना विनच्या पूलपासून शेवटची दोन मिनिटं दूर ठेवायला सुरुवात केली. हार्नेसच्या कमिशनकडे मागायचं तर हे मागा. दीड पानात बसतं.

जाता जाता आणखी एक. पाटीवर ‘० मिनिटं’ दिसतं आणि घोडे आणखी सहा मिनिटं इकडेतिकडे फिरत राहतात, तो घड्याळाचा दोष नाही. पूल वाढावा म्हणून ओढलेला वेळ असतो तो. यामुळेच शून्यावर कुणाचा विश्वास राहिलेला नाही आणि सगळेच थांबून राहतात. सांगून सांगून आमच्या खोलीचे घसे बसले.

प्रश्न: काका, नियम वगैरे राहू द्या. माझा नवरा दर शुक्रवारी ट्रॅकवर जातो आणि म्हणतो, नियम न्याय्य झाले की मी जिंकायला लागेन. खरं आहे का? आणि तुम्ही स्वतः लावता का?

उत्तर: नाही, खरं नाही. खांब आला, सेंट मिळाले, संगणकवाले दोन मिनिटं आधी थांबवले, तरी प्रत्येक १०० डॉलरांतले सतराच्या आसपास आधीच कापलेले असतात आणि उरलेल्यासाठी तो इतरांशी झगडतो. मी सव्वीस वर्षांत शुक्रवारचे असे नवरे खूप पाहिले. ते खिडकीवर माझ्याशी हसून बोलायचे आणि गाडीत जाऊन दहा-दहा मिनिटं नुसते बसून राहायचे. पार्किंग आमच्या खोलीतून दिसायचं. किती लावतो हे तो तुमच्यापासून लपवत असेल, तर १-८००-गॅम्बलर या नंबरवर फोन करा. घरच्या माणसांनी केला तरी चालतो, नाव सांगावं लागत नाही. त्याला हे उत्तर दाखवलंत तर माझी हरकत नाही.

मी लावतो, वर्षातून एकदा. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी मेडोलँड्सवर हॅम्बल्टोनियन असते, तीन वर्षांच्या ट्रॉटरांची. १९८१ पासून ती आमच्या न्यू जर्सीत आहे. ही आणि मी डबा घेऊन जातो. दोन डॉलर, एकच तिकीट, घोडा ही निवडते. गेल्या खेपेला तिने निवडलेला मोटारीमागेच उधळला. डब्यातली थालीपीठं संपवून घरी आलो.